हायब्रीड गाडीचा झिजलेला पट्टा: नुसता पट्टा बदलावा की टेन्शनरसह?

सिंहगडपायथा

नमस्कार. माझ्याकडे २०१९ सालची अर्टिगा आहे, १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन, हाताने गिअर बदलायची, 'स्मार्ट हायब्रीड' प्रणालीची. गाडीचे ९०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. काही आठवड्यांपासून सिग्नलला आपोआप बंद झालेले इंजिन क्लच दाबल्यावर पुन्हा सुरू होताना क्षणभर 'चीं' असा आवाज येतो. सकाळी किल्लीने गाडी सुरू करताना मात्र तो कधीच येत नाही.

सेवा केंद्रात वरूनच टॉर्च मारून इंजिनाच्या बाहेरचा, पुल्यांवरून फिरणारा पट्टा पाहिला आणि तो झिजला आहे, बदलून टाकू, असे सांगितले. टेन्शनर (पट्ट्याचा ताण धरून ठेवणारा भाग) आणि आयडलर पुलीबद्दल (पट्ट्याला वळण देणारी, मोकळी फिरणारी पुली) विचारले, तर त्यांना हात लावायची गरज नाही, असे उत्तर मिळाले. आमचे नेहमीचे मेकॅनिक नेमके उलट म्हणतात, की तिन्ही वस्तू एकदमच बदलल्या पाहिजेत. टेन्शनरची किंमत पट्ट्याच्या कितीतरी पट असल्यामुळे निर्णय नीट समजून घ्यावा असे वाटते. शिवाय पूर्वीच्या साध्या गाडीचा पट्टा मी घरीच बदलत असे. हायब्रीड गाडीत ते काम घरी करणे सुरक्षित आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

घाटवाट

पावसाळ्यात पट्ट्यावर पाणी उडले की असा आवाज पुष्कळ गाड्यांना येतो आणि इंजिन तापल्यावर तो जातो. माझ्या मते दिवाळीपर्यंत वाट पाहायला हरकत नाही.

निवृत्त_अभियंता

घाटवाट, ओल्या पट्ट्याचा आवाज थंड गाडी सकाळी सुरू करताना अधिक ऐकू आला असता. सिंहगडपायथा यांच्याकडे उलट घडते आहे, म्हणून मला पावसाचे कारण पटत नाही.

या प्रणालीत इंजिन दोन वेगळ्या मार्गांनी सुरू होते. सकाळी किल्ली फिरवल्यावर नेहमीची स्टार्टर मोटर काम करते. तिचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरते. त्या वेळी पट्ट्यावर विशेष भार नसतो. सिग्नलला बंद झालेले इंजिन मात्र आयएसजी (इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर) सुरू करतो. हे अल्टरनेटरच्या जागी बसवलेले, जनित्र आणि मोटर अशी दोन्ही कामे करणारे यंत्र आहे. इंजिन फिरवण्याचा त्याचा सगळा जोर पट्ट्यातून क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याच्या) पुलीपर्यंत जातो. म्हणजे आवाज नेमका त्याच क्षणी येतो, ज्या क्षणी पट्ट्यावर सर्वांत जास्त ओढ पडते. पट्टा घसरतो आहे, हे निदान मला जवळजवळ निश्चित वाटते. तो झिजल्यामुळे घसरतो की सैल पडल्यामुळे, एवढेच ठरवायचे उरते.

टेन्शनरचा प्रश्न इथूनच सुरू होतो. साध्या गाडीत पट्ट्याला नेहमी क्रँकशाफ्टच ओढतो, त्यामुळे पट्ट्याची ताणलेली बाजू आणि सैल बाजू ठरलेली असते आणि टेन्शनर सैल बाजूला बसवला की काम भागते. इथे आयएसजी वीज निर्माण करत असताना क्रँकशाफ्ट त्याला ओढतो, आणि इंजिन सुरू करताना किंवा वेग घेताना मदत करायची असली की आयएसजी क्रँकशाफ्टला ओढतो. ओढ उलटली की ताणलेली बाजू सैल होते आणि सैल बाजू ताणली जाते. म्हणूनच अशा रचनांसाठी टेन्शनर वेगळ्या पद्धतीचे आणि अधिक ताकदीचे करावे लागतात, आणि शहरातल्या प्रत्येक सिग्नलला त्यांना एक हेलकावा बसतो. टेन्शनर न तपासता केवळ पट्टा बदलणे मला अपुरे वाटते. पण तपासणी न करता तो टाकून देणेही मला योग्य वाटत नाही.

कृष्णाकाठ

अभियंता साहेब, तुमचे विवेचन पटले, पण शेवटच्या वाक्याशी माझा मतभेद आहे. माझे कराडजवळ गॅरेज आहे. आमच्याकडच्या गाड्या ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवरून फिरतात. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा, दोन्ही चाकाच्या बाजूने आत जातात आणि पुलीच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतात. नवा पट्टा जुन्या पट्ट्यापेक्षा घट्ट बसतो. त्यामुळे इतके दिवस कसेबसे चाललेले आयडलरचे बेअरिंग नवा पट्टा बसवल्यावर घरघर करू लागते. मग ग्राहक परत येतो, पुन्हा चाक काढायचे, पुन्हा आतले प्लास्टिकचे अस्तर काढायचे, पुन्हा मजुरी. ९०,००० किलोमीटर झालेल्या गाडीला मी तिन्ही वस्तू एकदम बदला असेच सांगतो, आणि त्यामागे ग्राहकाचा पैसा वाचवण्याचाच हेतू असतो.

एक विनंती सर्वांनाच करतो. आवाज बंद करण्यासाठी पट्ट्यावर कोणताही फवारा, साबण किंवा पावडर लावू नका. चिकट फवाऱ्याने आवाज चार दिवस थांबतो, पण त्यावर धूळ बसून पट्टा आणि पुलीच्या खाचा दोन्ही खराब होतात.

अनुराधा_नाशिक

पट्टा झिजला आहे हे वरून टॉर्च मारून कळते का? माझ्या गाडीच्या तपासणीत नेहमी 'भेगा नाहीत, पट्टा ठीक' असे लिहून येते.

निवृत्त_अभियंता

अनुराधाताई, भेगा मोजण्याची पद्धत जुन्या रबरासाठी योग्य होती. पूर्वी हे पट्टे निओप्रीनचे असत आणि म्हातारे झाले की त्यांच्या कण्यांना (आतल्या बाजूच्या लांब उभारांना) आडव्या भेगा पडत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याची जागा ईपीडीएम या रबराने घेतली. ते उष्णता उत्तम सोसते आणि सहसा भेगाळत नाही; मोटारीच्या टायरप्रमाणे त्याचा थर हळूहळू कमी होत जातो. कणे बारीक झाले की पट्टा पुलीच्या खाचेत खोल उतरतो, कण्याच्या उतरत्या बाजूंची पकड जाते आणि तो घसरू लागतो. रबर केवळ ५ टक्के कमी झाले तरी परिणाम जाणवू शकतो, असे पट्टे बनवणारेच सांगतात, आणि तेवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी खाचेत बसवून पाहायचे प्लास्टिकचे छोटे मापक मिळते. ते खाचेत बसून पट्ट्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले, तर पट्टा संपला असे समजावे.

तेव्हा 'भेगा नाहीत' एवढ्यावर 'पट्टा ठीक' हा निष्कर्ष काढता येत नाही.

न्यूजर्सीकर

माझा अनुभव वेगळ्या प्रकारच्या हायब्रीडचा आहे, पण तो इथे उपयोगी पडेल. माझ्याकडे २००७ ची प्रियस आहे, म्हणजे दुसऱ्या पिढीतली. तिच्यात आयएसजी नाही. इंजिन सुरू करणे, वीज निर्माण करणे ही कामे गिअरपेटीतल्या मोटरी करतात. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, स्टिअरिंगही विजेवर, आणि अल्टरनेटर मुळातच नाही, कारण १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीकडून परिवर्तकामार्फत भरली जाते. इतके सगळे काढून टाकल्यावर उरलेला एकमेव छोटा पट्टा फक्त इंजिनाचा पाण्याचा पंप फिरवतो.

त्यामुळे लक्षणेही वेगळी असतात. हा पट्टा तुटला तर बॅटरीचा दिवा लागत नाही, गाडी विजेवर पुढे जातच राहते आणि इंजिन चालू झाले की तापत जाते. चालकाला सावध करायला तापमानाचा इशाराच तेवढा असतो. तो दिसताच थांबावे, कारण इंजिनाच्या वरच्या भागाची दुरुस्ती पट्ट्याच्या तुलनेत प्रचंड महाग पडते. इन्व्हर्टर थंड ठेवणारा पाण्याचा मार्ग वेगळा आहे आणि त्याचा पंप विजेवर चालतो, म्हणून त्याला या पट्ट्याचा काही त्रास होत नाही.

या गाडीत आपोआप ताण धरणारा टेन्शनर नाही. आयडलर पुलीचा नट सैल करून ताणाचा बोल्ट फिरवायचा आणि पुन्हा नट आवळायचा. नवा पट्टा थोडा चालल्यावर किंचित सैलावतो, म्हणून ताण पुन्हा एकदा तपासावा लागतो. हे काम मी घरीच केले आणि त्यात अवघड काही नाही. जागा अरुंद आहे एवढेच.

अनुराधा_नाशिक

मग आपल्याकडच्या मोठ्या बॅटरीच्या हायब्रीड गाड्यांनाही पट्टा असतो का? आमच्या घरी अशी गाडी घ्यायचा विचार चालू आहे.

निवृत्त_अभियंता

प्रत्येक मॉडेलचे उत्तर वेगळे आहे, म्हणून गाडीच्या देखभाल तक्त्यात 'ड्राइव्ह बेल्ट' अशी ओळ आहे का, हे पाहणे सर्वांत खात्रीचे. भारतात २०१० पासून विकली गेलेली प्रियस तिसऱ्या पिढीतली होती आणि तिच्यात पाण्याचा पंपही विजेवर असल्यामुळे इंजिनाला बाहेरचा पट्टाच नव्हता. त्याआधी २००८ मध्ये आपल्याकडे आलेल्या सिव्हिक हायब्रीडमध्ये कॉम्प्रेसरचे दोन भाग होते, एक पट्ट्यावर चालणारा आणि एक विजेवर चालणारा, जेणेकरून इंजिन बंद असतानाही थंड हवा चालू राहावी. एमजी हेक्टरच्या ४८ व्होल्टच्या पेट्रोल हायब्रीडमध्ये मात्र या चर्चेतल्या अर्टिगासारखीच पट्ट्याने चालणारी मोटर आहे. म्हणजे नुसत्या 'हायब्रीड' या शब्दावरून पट्टा आहे की नाही, असला तर तो काय फिरवतो आणि तुटल्यावर काय बंद पडते, यातले काहीच कळत नाही.

जुन्या_गाड्यांचा_अभ्यासक

थोडी भर घालतो. पट्ट्यातून इंजिनाला मदत करण्याची ही कल्पना टोयोटाने २००१ मध्ये क्राउन या गाडीत ४२ व्होल्टच्या प्रणालीसह विक्रीस आणली होती. तिची खुबी अशी, की क्रँकशाफ्टच्या पुलीत विद्युतचुंबकीय क्लच होता. इंजिन थांबले की तो क्लच सुटायचा आणि मोटर त्याच पट्ट्याने वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर फिरवत राहायची. आपल्याकडच्या १२ व्होल्टच्या रचनेत ही सोय नाही, म्हणून सिग्नलला इंजिन थांबले की हवा हळूहळू कोमट होते, आणि आत फार उकडू लागले की इंजिन स्वतःहून सुरू होते. मे महिन्यात पुण्यासारख्या शहरात पट्ट्यावर असे किती झटके येत असतील, याची कल्पना करता येते.

डोंबिवली_फास्ट_चार्ज

सुरक्षिततेच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो. माझे काम विद्युत दुरुस्तीचे आहे.

सिंहगडपायथा यांच्या गाडीत सगळी प्रणाली १२ व्होल्टची आहे. अंगाला धक्का बसण्याइतका विद्युतदाब त्यात नाही, आणि म्हणूनच तिच्यात जास्त दाबाच्या नारिंगी केबली दिसत नाहीत. पण १२ व्होल्ट म्हणजे निर्धोक, असा अर्थ घेऊ नये. आयएसजीकडे जाणारी केबल जाड असते आणि तिच्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात. पाना तिच्या टोकाला आणि इंजिनाच्या धातूला एकाच वेळी टेकला, तर ठिणगी उडून पाना लाल होईपर्यंत तापतो. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. या गाडीत बॅटऱ्या दोन आहेत, नेहमीची बॉनेटखाली आणि लिथियम-आयन पुढच्या आसनाखाली, हे विसरू नये. एकच बॅटरी सोडवून सर्किट मृत झाले असे गृहीत धरू नका. सोडवण्याचा क्रम गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे पाळा.

दुसरा धोका इंजिन अचानक सुरू होण्याचा आहे. किल्ली काढून खिशात नव्हे, घरात ठेवावी. न्यूजर्सीकरांच्या प्रकारच्या गाडीत तर 'रेडी' दिवा लागलेला असताना इंजिन शांत असले, तरी कोणत्याही क्षणी फिरू शकते. तिथे दाब २०० व्होल्टच्या वर आहे. पट्ट्याच्या कामात नारिंगी केबलला हात लावण्याची वेळ येत नाही आणि लावूही नये. ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे.

तिसरी गोष्ट जॅकची. पट्ट्यापर्यंत नीट पोहोचण्यासाठी चाक काढावे लागते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नका. घोडी (गाडी पेलून धरणारा स्थिर आधार) लावा, मागच्या चाकांना दगड लावा. या कामातल्या सगळ्या धोक्यांत मला हाच सर्वांत मोठा वाटतो.

घाटवाट

डोंबिवलीकरांचे सविस्तर उत्तर फार उपयोगी आहे. माझी पाण्याची शंका मात्र पूर्ण फिटलेली नाही. पावसाचे पाणी की पट्टा, हे घरी तपासता येईल का?

कृष्णाकाठ

येते, आणि तपासणीही पाण्यानेच करायची. इंजिन चालू असताना आवाज येत असेल, तर पट्ट्याच्या कण्यांच्या बाजूवर बाटलीने थोडे पाणी फवारायचे. हात, ओढणी, शर्टाची बाही पट्ट्यापासून लांब ठेवायची. आवाज काही क्षण थांबून पुन्हा सुरू झाला, तर एखादी पुली रेषेतून हललेली असते. पाणी पडताच आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे किंवा घसरतो आहे. अर्टिगाचा आवाज इंजिन पुन्हा सुरू होतानाच येत असल्याने ही तपासणी तिथे थोडी कठीण जाईल. वातानुकूलन पूर्ण लावून, दिवे आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून भार वाढवला, तर चालू इंजिनावरही आवाज येतो का ते पाहता येईल.

सिंहगडपायथा

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी घोडी लावून, चाक आणि आतले अस्तर काढून सावकाश पाहणी केली. आधी पट्टा कसकसा फिरतो याचे छायाचित्र काढून ठेवले. पट्टा क्रँकशाफ्टवरून आयएसजी, कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप यांच्याभोवती जातो. निवृत्त_अभियंता यांनी सांगितलेले मापक मला नाना पेठेत एका दुकानात मिळाले. भेग एकही नाही, पण मापक सगळ्या खाचांमध्ये समपातळीत बसते आणि इंजिनाकडच्या बाजूच्या खाचेत ते पृष्ठभागाच्याही खाली जाते. त्या बाजूची कडही दोऱ्यासारखी सुटलेली दिसते. पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवली. पाण्याचा पंप आणि आयएसजी गुळगुळीत फिरतात, पंपाखाली ओल किंवा वाळलेल्या कूलंटचा डाग नाही. आयडलर फिरवताना मात्र खरखर लागते आणि ती दोन्ही हातांनी हलवली की किंचित डुगडुगते. टेन्शनरचा हात पान्याने दाबला, तर कुठेही न अडकता जातो आणि तितक्याच जोराने परत येतो.

निवृत्त_अभियंता

उत्तम निरीक्षण. एका कडेला झीज जास्त, आणि आयडलर डुगडुगते. या दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. बेअरिंग ढिले झाल्यामुळे पुली तिरकी होते, पट्टा एका बाजूला ओढला जातो आणि ती कड घासली जाते. वरून टॉर्च मारून हे दिसणे शक्यच नव्हते. केवळ पट्टा बदलला असता, तर नव्या पट्ट्याचीही तीच कड झिजली असती.

आयडलर आणि पट्टा नक्की बदला. टेन्शनरबाबत अजून एक तपासणी करा. नवा पट्टा बसल्यावर टेन्शनरच्या हातावरची खूण मर्यादेच्या दोन रेषांच्या मध्ये येते का ते पाहा, आणि इंजिन मंद चालू असताना तो हात शांत राहतो का तेही पाहा. थोडी थरथर चालेल, जोरात हेलकावत असेल तर त्यातले दमन, म्हणजे हेलकावे शांत करण्याची क्षमता, संपले आहे.

पट्टा घेताना त्यावरचा क्रमांक जुन्याशी ताडून घ्या. उदाहरणार्थ '६पीके१७५०' असे लिहिले असेल, तर ६ म्हणजे कण्यांची संख्या, पीके हा कण्यांचा आकार, आणि १७५० ही मिलिमीटरमधली लांबी. पण आयएसजीच्या गाडीत माप जुळले म्हणून साध्या गाडीचा पट्टा चालेल असे नाही, कारण दोन्ही दिशांची ओढ सोसण्यासाठी आतला दोर वेगळ्या प्रतीचा असू शकतो. या एका वस्तूसाठी मूळ भागाचा क्रमांकच मागावा.

कृष्णाकाठ

टेन्शनर हाताला चांगला लागत असेल आणि खूण मध्ये येत असेल, तर या गाडीसाठी माझा आग्रह मी सोडतो. पण ज्यांना अशी पाहणी स्वतः करता येत नाही किंवा करून घेता येत नाही, त्यांना मी तिन्ही वस्तू बदलण्याचाच सल्ला देईन. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे मालक जिल्ह्याबाहेर प्रवासाला निघालेले असतात आणि त्यांना परत येणे शक्य नसते.

बसवताना दोन गोष्टी पाहा. पुलींच्या खाचांत अडकलेला चिखल आणि रबराचा चुरा कोरड्या ब्रशने काढा, तेल किंवा पेट्रोल लावू नका. पट्टा चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सगळे कणे खाचेत बसल्याची खात्री करा. एक कणा बाहेर राहिला तरी पट्टा काही किलोमीटरमध्ये फाटतो. मग क्रँकशाफ्टच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्याच दिशेने हाताने दोन फेरे फिरवा आणि पुन्हा पाहा. त्यानंतरच बॅटऱ्या जोडा.

सिंहगडपायथा

काम पूर्ण झाले. मूळ क्रमांकाचा पट्टा आणि नवी आयडलर बसवली. टेन्शनरची खूण दोन रेषांच्या बरोबर मध्ये आली आणि हात शांत आहे, म्हणून तो तसाच ठेवला. सिग्नलला इंजिन आता आवाज न करता सुरू होते. आणखी एक फरक जाणवला. गेल्या काही महिन्यांत इंजिन सिग्नलला बऱ्याचदा बंदच होत नसे, आणि मी ते बॅटरी जुनी झाल्याचे लक्षण समजत होतो. आता ते पूर्वीसारखे बंद होऊ लागले आहे. घसरणाऱ्या पट्ट्यामुळे बॅटरी कमी भरत असेल का?

डोंबिवली_फास्ट_चार्ज

ते अगदी शक्य आहे. बॅटरीतला भार ठरावीक मर्यादेखाली असला, तर प्रणाली इंजिन बंद करायला परवानगी देत नाही. पण दोन दिवस बॅटऱ्या सोडवून पुन्हा जोडल्यानेही नियंत्रकाच्या नोंदी नव्याने सुरू झाल्या असतील, त्यामुळे आताच निष्कर्ष काढू नका. महिनाभराने एकदा बॅटरीची भारक्षमता तपासून घ्या.

अनुराधा_नाशिक

शेवटचा एक प्रश्न. जुना पट्टा डिकीत ठेवावा का? माझे वडील नेहमी ठेवत असत.

कृष्णाकाठ

ताई, हा पट्टा कडेने सुटलेला आहे, त्यामुळे तो ठेवू नये. अडचणीच्या वेळी बसवला तर टेन्शनरमध्ये गुंडाळला जाईल. रस्त्यात पट्टा तुटलाच, तर आपल्या गाडीचा पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर आहे का, हे आधीच माहीत असू द्या. या अर्टिगासारखा असेल, तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी उचलून नेणारी गाडी बोलवा. गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे म्हणून चालवत नेलेल्या गाड्यांचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) आम्ही उघडलेले आहेत.